चांदणी बरी हाय ना?

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की समुद्रकाठच्या चौक गावातलं आमचं अंगण आठवतं. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून मीच मागे लागून त्यांना मासेमारीची होडी विकायला लावली होती. तेव्हापासून ते अंगणात शेजाऱ्यांची जाळी दुरुस्त करत बसायचे, होडीचं नावही काढायचे नाहीत. ऑफिसात सर्व्हरांचं आपसातलं बोलणं गुप्त ठेवणारी डिजिटल प्रमाणपत्रं मी सांभाळायचो. एका रविवारी दुपारी, आई चुलीवर बोंबील भाजत असताना, सहकाऱ्याचा फोन आला. सर्व्हर बंद पडला होता, आणि पुन्हा सुरू होण्याआधी तो प्रमाणपत्राच्या किल्लीचा पासवर्ड मागत होता. हा पासवर्ड फक्त मला ठाऊक होता. मोबाइलला रेंज अंगणातच यायची, तीही तुटक. मी ओरडून सांगितलं, “चांदणी! चांदणी टाइप कर!” “कोण रे ही? वहिनींना माहितीये का?” तो हसत म्हणाला. “आमची होडी होती,” मी म्हणालो. बाबांचे हात जाळ्यावरच थांबले. “चांदणी तुझ्या हापिसान हाय?” त्यांनी विचारलं. “हाय, बाबा. तिचं नाव घेतल्याशिवाय मशीन सुरूच होत न्हाय.” कितीतरी महिन्यांनी ते मनापासून हसले. दुसऱ्याच दिवशी मी तो पासवर्ड बदलला. फोनवर उघड बोललेला शब्द ठेवायचा नसतो, नियमच तसा. पण त्यानंतर रोज मी कामावर निघालो की बाबा दारातून विचारायचे, “चांदणी बरी हाय ना?” आणि मी “हाय” म्हणायचो. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकच होडी मी त्यांच्याकडून दोनदा काढून घेतली. दुसऱ्या वेळचं मात्र त्यांना कधी कळू दिलं नाही.