नागोराव गेडामांचा दाखला

पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी पुण्याच्या उत्तर टोकाच्या एका सरकारी दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे सुवर्णपदक होतं आणि नागोराव गेडामांकडे डावा हात होता. गायींना सुवर्णपदकाशी काही देणंघेणं नसतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

नागोराव आमचे पशुधन पर्यवेक्षक. हुद्द्यानं माझ्या हाताखाली, वयानं वडलांसारखे. मूळचे यवतमाळकडचे, नोकरीपायी इकडे आले आणि विश्रांतवाडीत राहिले. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवून ते गायीच्या मागून हात आत घालत, डोळे मिटून घेत आणि आतड्याच्या पडद्याआडून तिचं अंडाशय बोटांत धरून सांगत, "उजवीकडं फुगा हाये, मॅडम." मी हात घालून बघितलं की तो असेच, लिंबाएवढा.

हा फुगा काय ते सांगायलाच हवं, पुढचं सगळं त्याच्यापायी झालं. दर माजाला अंडाशयावर बीजाची एक पिशवी, म्हणजे पुटिका, वाढते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. कधी कधी ती फुटतच नाही, पाण्यानं भरून नुसती वाढत राहते. मग गाय सारखी माजावर असल्यासारखी हंबरते, दुसऱ्या गायींवर उड्या घेते आणि कितीदा भरवली, म्हणजे रेतन केलं, तरी गाभण राहत नाही. विकणाऱ्याला हे फार सोयीचं. "बघा कशी माजावर आलीय, उद्या भरवा की झालं," म्हणत तो ती गळ्यात मारतो.

दोन हजार तीन-चारचा तो काळ. धानोरी-कळसकडचे गोठे एकेक करून उठत होते, त्या जागी आयटीवाल्यांसाठी इमारती उभ्या राहत होत्या आणि जनावरं घाईघाईनं विकली जात होती. घेणारा शहाणा असला तर नागोरावांना बोलावी. ते तपासत आणि विकणाऱ्याच्या तोंडावर सांगत, "फुगा हाये. घ्यायची तर घ्या, पण माहीत असू द्या." एकदा हिंदुराव नावाच्या गोठेवाल्यानं भर गोठ्यात त्यांची कॉलर धरली, जातही काढली. नागोरावांनी सगळं ऐकून घेतलं, कॉलर नीट केली आणि तपासणीच्या दाखल्यावर लिहायचं ते लिहिलंच.

मला त्यांचा फार अभिमान वाटे. माणूस असावा तर असा, असं मी चारचौघांत सांगत असे. दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करायला आपलं काय जातं?

त्यांची एकुलती मुलगी उत्कर्षा. इंजिनिअर होऊन येरवड्यापलीकडच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागली होती. तिचं लग्न जमलं. समाजातल्याच ओळखीतून आलेलं स्थळ, चिंचवडचा चेतन नावाचा मुलगा. विहारात तारीख धरायची तेवढी बाकी होती. नागोराव दवाखान्यात पेढे घेऊन आले आणि प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन ठेवत गेले.

पंधराएक दिवसांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. कपाट आवरताना त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईंना, उत्कर्षाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडला होता. बाहेर जीप सुरू होती, लाळ-खुरकुताच्या लशी बर्फात ठेवलेल्या होत्या, मला उशीर होत होता. मी उभ्या उभ्या वाचलं. दोन्ही अंडाशयांत बऱ्याच पुटिका, पीसीओडी.

"मॅडम, गायीले होते तेच का हे?"

"साधारण तसंच हो," मी म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

माझं सुवर्णपदक तेवढ्यापुरतंच.

पुढच्या रविवारी नागोराव इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच चिंचवडला गेले. चेतनच्या वडलांसमोर बसून म्हणाले, "मुलगी गुणाची आहे. पण तिच्या अंडाशयावर फुगे आहेत, मूल राहणं कठीण. करायचं तर करा, पण माहीत असू द्या." चेतनच्या वडलांनी चहा दिला, खरं बोललात म्हणून आभारही मानले आणि मंगळवारी फोन करून लग्न मोडलं.

हे मला नागोरावांनी सांगितलं नाही. ते रजेवर होते. गुरुवारी दुपारी उत्कर्षाच दवाखान्यात आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"बाबा म्हणतात, तुम्ही सांगितलंत की हे गायीसारखंच आहे."

मी तिला समजावायला लागले. गायीत एकच पुटिका वाढून मोठी होते. बाईच्या या आजारात बऱ्याच लहान पुटिका अर्ध्यावरच थांबतात. पाळी लांबते, दिवस राहायला वेळ लागतो, पण उपचारांनी बहुतेकींना मुलं होतात. मी घाईत...

"मॅडम, हे मला माहितीये," ती म्हणाली. "माझी डॉक्टर आहे ना. आणि चेतनला मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्याला काही प्रॉब्लेम नव्हता. हे आमच्या दोघांतच ठेवायचं, असं ठरलं होतं आमचं."

"आणि आता?"

"आता त्याची आई रडतेय आणि तो म्हणतो, मी काय करू?" ती म्हणाली. "तो हातचा गेला असता तरी चाललं असतं हो. पण माझ्या शरीराची गोष्ट माझ्या बापानं जाऊन सांगितली. मला न विचारता. मला काय विकायला काढलं होतं?"

संध्याकाळी मी तिच्यासोबत विश्रांतवाडीला गेले. नागोराव पलंगाच्या कडेला बसले होते, चार दिवसांची दाढी वाढलेली. मी कागदावर दोन अंडाशयं काढली, एक गायीचं, एक बाईचं, आणि सगळं सांगितलं. ते वाकून बघत राहिले, मग बोट ठेवून म्हणाले, "हे फुगे नाहीत?"

"नाहीत. अर्धवट राहिलेल्या पुटिका आहेत. मी नीट वाचलं नाही, नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे, नागोराव."

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते ताडकन उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले. "आत्ता जातो. चेतनच्या बापाले सांगतो, माझं चुकलं, पोरगी चांगली हाये. हा कागद द्या, मॅडम."

"बाबा," उत्कर्षा म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदा तरी गायीला विचारलंत, सांगू का म्हणून?"

"गायीले काय विचारायचं असते, बेटा?"

"मलाही तसंच नाही विचारलंत."

द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नागोराव एका पायात चप्पल घालून तसेच थांबले होते. माणूस आपल्या चांगुलपणावर पहिल्यांदाच शंका घेतो तेव्हा कसा दिसतो, ते मी पाहिलं. ते पाहायला मी तिथं नको होते.

त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं, "मग... जाऊ का? सांगू का त्यांना?"

उत्कर्षानं त्यांच्याकडे पाहिलं. लग्न अजून वाचलं असतं कदाचित, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. तिलाही.

"नको," ती म्हणाली.

नागोरावांनी पायातली चप्पल काढली.