मुठीचं माप

“मूठ गेली ना आत? मग आता कशाला अडवतेस?”

“गेली. पण टायर बघ की जरा. गाल सुजल्यासारखे दिसतायत.”

“कालच हवा भरलीय.”

“हवा भरली की टायर ताठ होतो रे. असा फतकल मारून बसत नाही.”

“आई, तू फक्त मूठ घालायचीस. टायरचं खातं तुझ्याकडे कधी आलं?”

फाटकाच्या आत छोटा ट्रक उभा होता, फरशांच्या खोक्यांनी काठोकाठ भरलेला. मागे नवी दोन चाकी ट्रॉली, तिच्यात सिमेंटची पोती. मागच्या चाकाशी पोतं अंथरून आई गुडघ्यांवर बसली होती, उजवी बाही कोपरापर्यंत वर. पायरीवर सून डबा घेऊन उभी होती. तिला ऑफिसला उशीर होत होता, पण दोघांपैकी कोण माघार घेतं ते बघितल्याशिवाय तिचा पाय निघत नव्हता.

मुठीची गोष्ट अशी. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या वर, गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चॅसिसला, एक रबरी ठोकळा असतो. गाडी भरू लागली की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि ठोकळा आणि एक्सल यांच्यातली फट कमी होत जाते. त्या फटीत मूठ आडवी गेली तर गाडी सोडायची. अडकली तर दोन पोती खाली. हा नियम आईच्या सासऱ्यांपासूनचा. पण तिच्या नवऱ्याचा दांडगा हात चाक आणि चॅसिसच्या मधून शिरेना, म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात हे काम आईकडे आलं. तेव्हापासून एकतीस वर्षं नवऱ्याची आणि पुढे नऊ वर्षं मुलाची, एकही भरलेली गाडी तिची मूठ आत गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडली नव्हती. कणीक मळत असली तरी हात धुऊन यायची. गल्लीत तिला सगळे मुठीच्या काकू म्हणत. ओळखीतले दुसरे ट्रकवालेसुद्धा कधी कधी गाडी दाखवायला आणत. काकू मूठ घालायच्या, “उतरव” म्हणायच्या, आणि डॉक्टरीणबाईंसारख्या हात धुवायला निघून जायच्या.

मुलाला मात्र या “उतरव”चा जाच झाला होता. दुकानदार खोळंबलेले, हमाल निघून गेलेले आणि ही म्हणणार उतरव. त्यात त्याने ट्रॉली घेतली, दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत व्हावं म्हणून. ट्रॉली जोडली की ट्रकचं बूड खाली आणि नाक आभाळात. समोरच्या घरातल्या मास्तरांनी तक्रार केली, की तुझे दिवे रस्ता सोडून आमच्या माडीवर पडतात. त्या आठवड्यात आईची मूठ रोज अडकली आणि रोज भांडण झालं.

मग तीन आठवड्यांपूर्वी तो पाटेवाल्याकडे गेला. मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे बसवून घेतले आणि आत रबराचे हवेचे फुगे. टायरसारखी त्यांच्यात हवा भरायची, म्हणजे मागची बाजू वर उचललेली राहते. रिकामी गाडी आता दगडावरून गेली तरी उड्या मारायची. सून एकदा बसली आणि म्हणाली, “माझ्या मणक्यांची मोजदाद झाली. दोन कमी भरले.” पण भरलेली गाडी कशी ताठ उभी! मूठ सहज आत जायची, वर दोन बोटं फिरवायला जागा.

“वा, आई, पास!” मुलगा म्हणायचा. सकाळी घरात हसण्याचा आवाज यायला लागला होता.

आज मात्र आई अडून बसली होती. मुलगा म्हणाला, “हे बघ, नियम तुझा. मूठ गेली तर गाडी सोडायची. तूच सांगत आलीस ना?”

ती गुडघ्यांना हात देत उठली, बाही खाली केली.

“बरं. मग मीही येते.”

“तू? कशाला?”

“बसून बघते तुझे नवे पाटे.”

“घ्या, आता दोन पोती जास्तच झाली,” सून म्हणाली आणि फाटक उघडून पसार झाली.

मोठ्या रस्त्यापर्यंत सगळं ठीक होतं. आई पाय टेकवून, पर्स मांडीवर धरून बसली होती. मुलगा शीळ घालत होता. मग बाजाराचा उतार लागला. खाली चौकात दिवा लाल झाला. मुलाने वेळेवर ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, पण थांबेना. मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलत असावं तशी ती पुढे पुढेच सरकत राहिली. शीळ बंद झाली. मुलगा ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. समोर एक रिक्षा, तिच्यात शाळेचे गणवेश. आईने डोळे मिटले नाहीत. मुलाने स्टिअरिंग डावीकडे ओढलं, चाक फुटपाथवर चढलं, आणि ट्रकचं नाक गादीवाल्याच्या दुकानाबाहेर रचलेल्या गाद्यांच्या थप्पीत जाऊन रुतलं.

मग वरची गादी सावकाश काचेवर येऊन पडली आणि आत अंधार झाला.

गादीवाला बाहेरून काचेवर टकटक करत होता. “अहो, गादी बघायची तर उतरून या की! गाडीसकट कशाला?”

कुणाला खरचटलंही नव्हतं. दोन गाद्या बंपरने फाटल्या, त्या विकत घ्याव्या लागल्या आणि ट्रॉलीतल्या पोत्यांवर बांधाव्या लागल्या. मुलाने मारलेली दोरीची गाठ दोनदा सुटली. आईने गाठ त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः मारली.

“काट्यावर घे,” ती म्हणाली.

“आत्ता?”

“आत्ता. सावकाश.”

लाकडाच्या वखारीजवळ वजनकाटा होता आणि काट्याला लागूनच पाटेवाल्याचं दुकान. ट्रकचा आणि ट्रॉलीचा, दोन्ही आकडे चिठ्ठीवर आले. ट्रकच्या दारावर रंगवलेल्या कमाल वजनाच्या आकड्यापेक्षा ट्रक सातशे किलोने जास्त होता आणि ट्रॉलीचं वजन वेगळंच. पाटेवाला हात पुसत बाहेर आला. तो आईच्या नवऱ्याचा जुना दोस्त.

“वहिनी, तुम्ही इकडे कुठे?”

“भाऊजी, मूठ जाते हो आत. तरी गाडी थांबत नाही.”

पाटेवाल्याने चिठ्ठी वाचली आणि मुलाकडे बघितलं. “तुला काय बजावलं होतं मी? पाटे वाढवलेत, ब्रेक तेच आहेत. टायर तेच, एक्सल तोच. गाडी बसणार नाही म्हणून जास्त भरू नकोस. आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, ती उतारावर मागून ढकलणार. सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतं,” मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला. “पण आईची मूठ जात होती ना.”

“आता हत्ती भरलास तरी जाईल!”

आई काट्याच्या कठड्यावर टेकली. हत्तीचं तिला हसू आलं नाही. नवे पाटे बसल्यावर चौथ्याच दिवशी टायरचे सुजलेले गाल तिला दिसले होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मुलगा “पास!” म्हणून हसला होता, आणि किती वर्षांनी सकाळ अशी भांडणाशिवाय गेली होती. ती हात धुवायला निघून गेली होती. आणि मूठ खोटी म्हणायची, तर मग भरल्या गाडीपाशी तिला कोण बोलावणार? घरात भांडी घासायला तर कुणीही चालतं.

तिने चिठ्ठीची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मग उठून मुलाला म्हणाली, “ट्रॉली इथेच सोड. ट्रकमधली खोकी उतरवायला लाग. मी मोजते.”

संध्याकाळी सून घरी आली तर बैठकीत भिंतीला दोन फाटक्या गाद्या टेकवलेल्या.

“हे काय? पाहुणे येणारेत?”

“तुझ्या मणक्यांसाठी आणल्या,” मुलगा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मग त्यानेच सगळं सांगितलं, रिक्षापर्यंत आल्यावर थांबून, पाणी पिऊन. सुनेने डबा खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली.

जेवायला बसल्यावर आईने पर्समधून चिठ्ठी काढली, उलगडली आणि टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवली. उजव्या हाताची बोटं एकदा मिटली, उघडली.

“आता ऐका,” ती म्हणाली. “उद्यापासून मूठ बंद. भरलेली गाडी आधी काट्यावर जाईल. शेजारी मी बसेन, चिठ्ठी माझ्या हातात येईल. आकडा दारावरच्या आकड्यापेक्षा वर गेला तर तिथेच उतरवायचं, हमाल असोत नसोत. ब्रेक बसेपर्यंत ट्रॉली भाऊजींकडे राहील. आणि त्या गाद्यांतली एक मला लागेल, तुझ्या त्या सीटवर माझ्याच्याने नुसतं बसवत नाही.”