गोष्टीचा तिरुळु

अघनाशिनी नदीच्या खाडीकाठी, मिठागरांच्या बांधाला लागून आमची कन्नड शाळा आहे. इयत्ता चार, मुले सत्तावीस, शिक्षक दोन: मुख्याध्यापक म्हणून मी आणि नागवेणी पटगार, जिला मुले रिवाजाप्रमाणे 'अक्कोरे', म्हणजे बाई, म्हणतात. नागवेणी अतिथी शिक्षिका होती. तिची नेमणूक दर जूनला नव्याने व्हायची, आणि त्या वर्षी ती तपासनिसांच्या शेऱ्यावर अवलंबून होती.

ती याच शाळेची विद्यार्थिनी. चौथीत असताना एका तपासनिसांनी तिला उभे करून गोष्टीची नीती विचारली होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि काही क्षणांनी तिच्या पायाखालचे बसकर ओले झाले. मी तेव्हा शाळेत नवा होतो. ते बसकर मीच उचलून बाहेर नेले. त्यानंतर वीस वर्षांत आम्ही दोघांनी त्याचा उच्चार केला नाही. मात्र पाहुणा येणार असे कळले की ती कोरा फळा पुन्हा पुन्हा पुसत राही.

त्या वर्षी वरून सूचना आली: चौथीच्या मुलांना न वाचलेल्या गोष्टीचा 'तिरुळु' सांगता आला पाहिजे. तिरुळु म्हणजे गर, फळाच्या आतला; तोच शब्द गोष्टीच्या गाभ्यालाही लावतात. आमच्या मुलांना मात्र नीती तेवढी ठाऊक. आधीचे मास्तर प्रत्येक गोष्टीखाली एक वाक्य लिहून देत, आणि त्यातले 'खोटे बोलू नये' मुलांना सर्वांत सोयीचे पडले होते.

"कोल्ह्याच्या गोष्टीचा तिरुळु काय?" नागवेणीने विचारले.

"खोटं बोलू नये, अक्कोरे," तिम्मा म्हणाला.

"त्यात कोण खोटं बोललं?"

"कुणीतरी बोललंच असेल. कोल्हा आहे ना तो."

दुसऱ्या दिवशी तिम्माने बेलफळ फोडून आणले. "हा तिरुळु घ्या, अक्कोरे. गोष्टीचा नाही सापडला, झाडाखाली हाच होता."

वर्ग हसला. नागवेणीही हसली, पण मधल्या सुटीत माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा तिच्या हातातल्या खडूचा भुगा झाला होता.

"मास्तरे, पाच-सहा वाक्यं पाठ करून घेऊ का? कोणत्याही गोष्टीला लागू पडतील अशी."

"घे की. मी अडवणार नाही."

"तुम्ही रागवा तरी."

"रागावलो तर ऐकशील?"

ती उठून गेली. तिने वाक्ये पाठ करून घेतली नाहीत. रोज एक गोष्ट सांगायची आणि तीनच प्रश्न विचारायची: त्याला काय हवं होतं, त्याला भीती कशाची होती, शेवटी त्याच्यात काय बदललं? मग म्हणायची, "आता माणूस बाजूला ठेवा, जागा बाजूला ठेवा. हातात काय उरलं?" मादेवी नावाची एक अबोल मुलगी एकदा हळूच म्हणाली, "आई शिंपली उघडते, तसं." तिची आई ओहोटीला खाडीत शिंपल्या गोळा करते.

तपासनीस शानभाग आले ते सकाळीच. त्यांनी नागवेणीला मागे भिंतीशी उभे केले. "अक्कोरे, तुम्ही बोलायचं नाही. खूणही करायची नाही." मग त्यांनी गोष्ट सांगितली. एक नाववाली रोज माणसे पलीकडे पोहोचवायची. एके दिवशी तिला पाण्यात मगर दिसली. ती कोणाला बोलली नाही, फक्त वल्हवताना मोठ्याने गाऊ लागली. दिवसेंदिवस आवाज वाढत गेला. शेवटी एका मुलाने विचारले, तू एवढी का गातेस? ती म्हणाली, मला भीती वाटते. तेव्हा नावेतल्या साऱ्यांनी हात घालून वल्ही मारली आणि नाव पार झाली.

"तिरुळु सांगा."

तिम्मा लगेच उठला. "खोटं बोलू नये, साहेबरे. तिनं मगर लपवली."

शानभागांनी वहीत काहीतरी लिहिले. नागवेणीचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला. तिचे ओठ हलत होते. भीती दाबायला ती सतराचा पाढा म्हणत असावी. मी नकळत तिच्या पायाखाली पाहिले आणि स्वतःचीच लाज वाटून नजर काढून घेतली.

"अजून कोणी?"

मादेवी उभी राहिली. वीस वर्षांपूर्वी नागवेणी उभी होती तीच जागा, खिडकीकडची.

"भीती एकट्यानं धरली की मोठी होते," ती म्हणाली. "सांगितली की दुसरे पण वल्हवतात."

"हे कोणी पाठ करून दिलं?"

"कुणी नाही. आमच्या अक्कोरे पण तशाच."

"तशाच म्हणजे?"

"गात नाहीत. फळा पुसतात. आज चारदा पुसला. अजून कुणाला सांगितलं नाही त्यांनी."

शानभागांनी मागे वळून पाहिले. "अक्कोरे, खरं आहे?"

बोलायची मनाई त्यांनीच केली होती, त्यामुळे गप्प राहण्याची सोय तिला होती. तिचा हात भिंतीवर सरकत राहिला.

"हो, साहेबरे," ती शेवटी म्हणाली. "चौथीत असल्यापासून. याच खोलीत."

त्यांनी पुढे काही विचारले नाही. शेरा मी नंतर वाचला: 'तिरुळु मुलांना कळतो. एका मुलाला अद्याप नीतीच कळते. शिक्षिका पुढे चालू ठेवाव्यात.'

जूनमध्ये नेमणुकीचा कागद आला. मी तो तिच्या हातात दिला तेव्हा ती फळ्यासमोर उभी होती आणि तिच्या हातात फडके होते.

"आता कशाची भीती?" मी विचारले.

तिने पाठीमागे पाहिले. मादेवीच्या वर्गातली मुले पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेली होती. नवी चौथी गप्प बसून तिच्या हाताकडे पाहत होती.

"ह्यांची, मास्तरे," ती कुजबुजली. "यांना गोष्ट उघडायला मीच शिकवणार. मग माझं काय लपणार?"

तिने फडके खाली ठेवले आणि मुलांकडे तोंड केले.