कान हाय की!

इंजिनावर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची लाकडी मूठ उजव्या कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचा. हात वर गेला की गल्लीनं गप्प बसायचं. गिऱ्हाइकानं, चहावाल्यानं आणि मीसुद्धा. "गप ऱ्हावा की जरा, बोलालंय ते," मिस्त्री म्हणायचे, आणि दोन मिनिटांनी त्या इंजिनाचं दुखणं सांगून मोकळे व्हायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या उद्यमनगरात त्यांचं गॅरेज आणि माझं मीटर दुरुस्तीचं दुकान समोरासमोर. मधे जेमतेम एक ट्रक जाईल एवढा रस्ता. वेगाचे, तापमानाचे, ऑईलचे काटे दुरुस्त करायचे आणि नवे बसवायचे, हे माझं पोट. आणि समोर नेमका असा माणूस, की ज्याला काटा म्हणजे निव्वळ थोतांड! सव्वीस वर्षं आम्ही त्यावरून भांडलो.

सकाळी शटर वर केलं की मी एक मीटर हातात उंच धरायचो आणि रस्त्यापलीकडं ओरडायचो, "मिस्त्री, मीटर लागतोय!" तिकडून गाडीखालून उत्तर यायचं, "कान हाय की!" ती आमची बोहनी. पुढं पुढं ते गाडीखालून न बोलता दारात येऊन, माझ्याकडं बघून उत्तर द्यायला लागले. मला वाटलं, म्हातारा आता मला मान द्यायला लागला.

कान मात्र खरंच होता. एकदा रस्त्याकडं पाठ करून चहा पीत होते, मागून एक जीप गेली. कप खाली न ठेवता म्हणाले, "दुसऱ्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह जळालाय. कागलपतोर जाईल, माघारी यायची न्हाय." संध्याकाळी तीच जीप कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या रस्त्यावरून दोर बांधून ओढत आणली. मी म्हणालो, "तुमच्या तोंडात काळी जीभ हाय मिस्त्री." ते म्हणाले, "जिभंचं काय सांगालायस, कानाचं बोल."

आमचं सगळ्यात मोठं भांडण सुपरचार्जरचं. अलीकडं हौशी पोरं गाडीला तो बसवून घेतात. इंजिनात हवा दाबून कोंबणारा पंखाच तो. गाडी पळते, वाद नाही. पण हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की आत भट्टी पेटते, पिस्टनला भोक पडतं. कंपनीनं दिलेला तापमानाचा काटा हे सांगेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं, अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची तर तीन जादा मीटर पाहिजेतच. एक हवेच्या दाबाचा, एक ऑईलच्या दाबाचा, आणि एक हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा.

"भोक पडायच्या आदी इंजिन टकटक करतंय," मिस्त्री म्हणायचे. "बारीक करतंय, पर करतंय. ज्याला कान हाय त्येला ऐकू येतंय. तीन-तीन काट्याकडं बघत गाडी हाकलीस तर गंगावेशीत म्हशीला धडकशील मर्दा. मग त्या म्हशीला कुठला मीटर बसीवतोस?"

गल्ली खो खो हसायची आणि माझं डोकं फिरायचं. खरं सांगू? त्या हसण्यात मला मजाही वाटायची.

मग एक दिवस बघतो तर मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावण्याऐवजी दातात धरलेली. टोक इंजिनावर, मूठ दाढेत, डोळे मिटलेले. "मिस्त्री, भूक लागली व्हय? थांबा, मिसळ सांगतो!" मी ओरडलो. त्यांनी उत्तरच दिलं नाही. त्याच सुमाराला गॅरेजातला रेडिओ इतका मोठा लागायला लागला की माझ्या दुकानातल्या काचा थरथरायच्या. मी दोनदा जाऊन भांडून आलो. म्हातारा मुद्दाम छळतोय, असं चहाच्या गाड्यावर चार लोकांत सांगितलं. हे सांगणारा मीच, दुसरं कुणी नाही.

गेल्या वर्षी पेठ वडगावचा एक तरुण त्यांच्याकडं आला. गुळाच्या अडत दुकानवाल्या जैन घरातला, नुकतंच लग्न झालेला. पांढऱ्या गाडीला त्याला सुपरचार्जर बसवायचा होता. मिस्त्रींनी आठ दिवस खपून बसवला. मग दोघं गाडी घेऊन पन्हाळ्याच्या घाटात चाचणीला गेले आणि दुपारी परत आले.

गाडीतून उतरून मिस्त्री सरळ रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, गिऱ्हाईक म्हणून. "तीन मीटर बसीव त्या गाडीला," म्हणाले.

"कसले तीन?"

"तू सांगतोस ते."

मला आकाश ठेंगणं झालं. मी बाहेर आलो, खुर्चीवर चढलो आणि बोंबललो, "ए, ऐका रं सगळी! मिस्त्री हारले!" सगळ्या गल्लीला गरम भजी सांगितली. लोक जमले तसा मला आणखी चेव आला. सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, कान कुठं ठिवून आलासा?"

हशा पिकला. मिस्त्रींनी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मग तेही हसले. सगळ्यांपेक्षा जरा उशिरा हसले. ते माझ्या ध्यानात आलं नाही, मी भजी वाटत होतो.

मी मीटर बसवत असताना ते शेजारी उभे राहिले. प्रत्येक काटा कुठंवर गेलेला चालतो आणि कुठं चालत नाही, हे मला दोनदा विचारून घेतलं आणि तिथं काचेवर लाल रेघ मारायला लावली. मग त्या तरुणाला म्हणाले, "ह्या रेगंच्या पलीकडं काटा गेला की पाय काढायचा. इचार करत बसायचा न्हाय."

त्यानंतर महिन्याभरात गॅरेज बंद झालं. मिस्त्री बायकोला घेऊन कोडोलीला मुलीकडं राहायला गेले, हे मला चहावाल्याकडून कळलं. मला सांगून गेले नाहीत. मी फुगून बसलो. थट्टा काय कधी केली नव्हती? कोडोली काही लांब नाही, मोटरसायकलवर तासाभराच्या आत पोचतो माणूस. पण मी गेलो नाही. येतील की आपणहून, म्हटलं.

चार महिन्यांनी फोन आला. मिस्त्री सकाळी अंघोळ करून दारात खुर्चीवर बसले, ते बसलेच.

रक्षाविसर्जनाला गेलो, तिथं तो पेठ वडगावचा तरुणही आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, मीटरनं वाचवलं हो. मागच्या महिन्यात पुण्याला जाताना पेट्रोलचा पंप बिघडला, हवा-पेट्रोलचा काटा रेघेपलीकडं गेला. मी लगेच पाय काढला, म्हणून इंजिन राहिलं."

मग म्हणाला, "त्या दिवशी घाटात चढाला टकटक होत होती. मी म्हटलं, मिस्त्री, हे काय वाजतंय? ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. पुन्हा चढव म्हणाले. पुन्हा वाजलं, मी पुन्हा सांगितलं. त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि घाटाच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, चल, समोरच्याकडनं मीटर बसवून घेऊ. मला तेव्हा काही कळलं नाही."

मला कळलं. मी तसाच घरात मिस्त्रींच्या बायकोपुढं, वहिनींपुढं, जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझं तोंड बघूनच ओळखलं.

"दोन वर्सं झाली हुती," त्या म्हणाल्या. "डावा पयला गेला, मग उजवा. जवळ तोंड करून बोललं तर थोडं कळायचं. दातात धरलं की इंजिन जरा समजतंय म्हणायचं, फुडं फुडं ते बी न्हाय. मशीन घाला कानात म्हणलं, तर गिऱ्हाईक बघंल म्हणायचं."

"वहिनी, मला तरी सांगायचं."

"तुमच्यासाटनंच शपथ घातलीती मला. म्हणायचं, बाकी कुणाला कळू दे, समोरच्याला सांगू नगंस. त्येला कळलं तर त्यो भांडायचा थांबंल."

मी तिथंच भिंतीला टेकून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. दोन वर्षं रोज सकाळी मी ओरडत होतो आणि त्यातला एक शब्द त्यांच्या कानात जात नव्हता. ते दारात येऊन माझा वर गेलेला हात बघायचे, हातातला मीटर बघायचे आणि उत्तर द्यायचे. कधी चुकले नाहीत. एका पोराचं इंजिन जळू नये म्हणून त्या माणसानं सव्वीस वर्षांचा हट्ट गिळला, आणि मी खुर्चीवर चढून भजी वाटली. जिंकलो मी. असलं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

परवा एक पाहुणे गाडी घेऊन आले. तसाच सुपरचार्जर बसवलेला. म्हणाले, "लोक म्हणत्यात ह्याला जादा मीटर लागत्यात. खरंच लागत्यात काय?"

माझा हात आपोआप मीटर घेऊन वर गेला. मी वळून ओरडलो, "मिस्त्री, मीटर लागतोय!" समोर शटर खाली होतं. कुलपावर धूळ बसली होती. गल्लीतली माणसं हातातलं काम सोडून माझ्याकडं बघायला लागली.

"कुणाला हाक मारलासा?" पाहुण्यांनी विचारलं.

मी हात खाली घेतला. आणि मग मीच, जेवढा आवाज निघाला तेवढ्या आवाजात म्हणालो, "कान हाय की!"

पाहुणे गोंधळून बघत राहिले. त्यांना आत बसवलं, चहा सांगितला, आणि तिन्ही मीटर बसवायला घेतले.