पाइपाला लावलेला हात

रस्त्यात कोणी "जरा हात लाव" म्हटलं, तर तुम्ही आधी मालकीचा पुरावा मागता का?

आमच्या मोताळा तालुक्यात कोणी मागत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत स्प्रिंकलरचे पाईप या वावरातून त्या वावरात फिरत असतात. लांब पाईप एकट्याला गाडीत चढवता येत नाहीत, म्हणून जाणारा-येणारा दुसरं टोक धरतो. त्या दुपारी मीही धरलं. पाईप चढवणारा माझा शाळासोबती होता. समोर पानटपरीवर चौघं बसले होते.

त्यातल्या एका काकांनी त्याला हटकलं, "काऊन बे, नवे घेतले काय?"

"मामाचे हायेत काका. दोन रोजासाठी आनले."

"मामानं पाईप देल्ले, पोरगी कवा देते?"

सगळे हसले. मीही हसलो.

पाईप चोरीचे होते. तो गाडीसकट पकडला गेला आणि सोबत कोण होतं म्हणून त्यानं माझं नाव सांगितलं. मी दुसरा आरोपी झालो. ठाण्यात मी घडलं ते सांगितलं, तर जमादार म्हणाला, "सगळेच असं म्हनतात. आयकलं कोनी?"

चौघांनी ऐकलं होतं. जामिनावर सुटल्याबरोबर मी टपरीवर गेलो. पोरीचा विनोद करणारे काका सुपारी कातरत राहिले. "मले काही आयकू नाही आलं बाप्पा. तू शिकेल-सवरेल मानूस, तुलेच समजाले पाह्यजे होतं."

दुसरा म्हणाला, "कोर्टाच्या चकरा कोन मारीन?" तिसरा उठून गेला. चौथ्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो न पिताच निघालो.

चोराचा मला राग आहे. या चौघांची किळस येते. गप्प बसणाराही अन्यायात भागीदार असतो, असं छापलेलं पत्रक लहानपणी वडिलांसोबत मी याच टपरीवर, याच हातांत दिलं होतं. त्यात पान बांधून नेलं असेल त्यांनी.

खटला सुरू आहे. मला शिक्षक व्हायचंय, आणि चोरीचा आरोपी वर्गात कोणाला चालेल? त्या चौघांपैकी एकाचा जबाब मिळाला, तर माझी बाजू उभी राहते. अजून एकही आलेला नाही.

तुमच्या गावात कोणावर असा आळ असेल आणि तुम्ही काही पाहिलं, ऐकलं असेल, तर आजच ठाण्यात जा. जबाब द्या. लिहून घेतलेला नीट वाचा आणि मगच सही करा.