चाकूला लावलेली हळद

माझ्या मानेवर एक, दंडावर दोन आणि पोटावर एक असे हळदीचे पट्टे उठले होते. समोर रबरी चाकू घेऊन शेवंताबाई उभ्या होत्या.

"सर, लागलं का?"

मी कराटे शिकवतो. आखाडा बाळापूर गावाजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहात महिला गार्डना चाकूपासून बचाव शिकवायला गेलो होतो. महिन्यापूर्वी एका मुलीचा बाप तिला लग्नासाठी ओढून न्यायला विळा घेऊन गेटवर आला होता. ड्युटीवर शेवंताबाईच होत्या. तो परत येणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

सरावाच्या चाकूला मी ओली हळद लावतो. पिवळं दिसलं की तिथे जखम. जोडीदार एक वार करतो आणि हात तसाच पुढे ठेवतो. आपण मनगट पकडून पिळायचं, चाकू काढून घ्यायचा. वीस वर्षं मी हेच शिकवलं.

शेवंताबाई तांड्यावरच्या. आधी ज्वारीच्या कापणीला जायच्या. त्यांनी विचारलं, "मानूस हात असा ठेवून उभा ऱ्हाईल काहून?"

"मग तुमच्या पद्धतीनं करा."

त्यांनी ज्वारीची धाटं धरावीत तशी डाव्या हातानं माझी कॉलर धरली आणि उजव्या हातानं ओढून कापायला सुरुवात केली. माझ्या हाताला मनगट काही सापडलं नाही. मला लाज वाटली, आणि भीतीही. माझ्या भरवशावर ही बाई गेटवर उभी राहणार होती.

वॉर्डन मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी संस्थेचे लोक येणार आहेत. चाकू काढून घेतलेला दिसला पाहिजे."

"दिसणार नाही," मी म्हणालो. "तो प्रकार मी बंद केलाय."

उरलेले तीन दिवस आम्ही एवढंच केलं: प्लास्टिकची खुर्ची मध्ये धरायची, मागे सरकायचं, आतून कडी लावायची, शिट्टी वाजवायची. शुक्रवारी पाहुण्यांना ते दाखवलं. एकानं विचारलं, "झालं?" मॅडमनी पुन्हा मला बोलावलं नाही.

दिवाळीनंतर शेवंताबाईंचा फोन आला. बाप आला होता. पोलीस येईपर्यंत गेटच्या गजांवर विळा आपटत राहिला. पोरगी सुखरूप होती.

"सर, विळा काही काढून घेता आला न्हाई," त्या म्हणाल्या.

"बरं झालं."

आता मी जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर शोधून एकेकाला फोन करतो. मनगट पकडू नका, म्हणून सांगतो. बरेच जण म्हणतात, सर, पण आमच्याकडे तुमच्या सहीचं प्रमाणपत्र आहे.