पोईवरचं झाकण

सॅन होजेहून विमान सुटलं तेव्हा आई खिडकीशी बसली होती आणि मी झोपल्याचं नाटक करत होते. नोकरी गेल्यापासून मी नुसतं बसूनही थकते. आई पुण्याहून अमेरिकेत मला भेटायला आली होती. आता तिची परतायची वेळ झाली होती, आणि जाण्याआधी तिला एकच उत्तर हवं होतं: मी तिच्याबरोबर परत येणार, की सांता क्लारातच राहून आणखी अर्ज करणार? हवाईची तिकिटं नोकरी असताना काढलेली. ती कॅन्सल होत नव्हती, म्हणून निघालो.

कवाई बेटावर भाड्याची गाडी घेतली. आई विचारत राहिली, मी रस्ता बघत राहिले. हनालेईच्या दरीत उतरताना पाण्याने भरलेली खाचरं दिसली आणि त्यांत मोठाली, ओळखीची पानं.

"अगं, हे तर अळू," आई म्हणाली. सकाळपासूनचं हे तिचं पहिलंच प्रश्न नसलेलं वाक्य.

तिथे शेत दाखवून जेवण द्यायचे, म्हणून थांबलो. शेताच्या मालकीणबाई मूळच्या हवाईच्या. तिथे वयाने मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात. त्यांचे यजमान, म्हणजे अंकल, फिलिपिन्सचे. ते सांगत होते, फार पूर्वी तैवानकडून होड्या निघाल्या आणि त्या माणसांची पोरंबाळं एकीकडे मादागास्कर, दुसरीकडे हवाईपर्यंत पसरली. होडीत अळूचे कंद, केळी, कोंबड्या.

"माझ्या भाषेत पाचला लिमा म्हणतात, हिच्याही भाषेत लिमाच. हिचे लोक आधी निघाले, मी विमानाने आलो. पोचलो एकाच स्वयंपाकघरात."

"आणि भांडी अजून मीच घासते," आंटी म्हणाल्या.

जेवायला पोई होती (अळूचे कंद शिजवून, कुटून केलेली सरसरीत लापशी). आंटींनी झाकण काढलं.

"चिंच घातलीय का विचार. घसा खाजेल," आई म्हणाली आणि त्याच दमात, "घरी चल, मी करून घालीन. इथे कोणासाठी बसली आहेस?"

"आई, इथे नको."

"मग कुठे? गाडीत बोलत नाहीस, घरी बोलत नाहीस."

आमचे आवाज चढले. आंटींना मराठी कळत नव्हती. त्यांनी शांतपणे झाकण परत ठेवलं.

"अळू आमचा थोरला भाऊ, माणसाच्या आधी जन्मलेला," त्या म्हणाल्या. "त्याचं भांडं उघडं असताना भांडत नाहीत. बोलून घ्या, मग उघडते."

सगळे थांबले. शेवटी आईच म्हणाली, "सॉरी. झालं आमचं." काहीच झालं नव्हतं. पोई आंबटसर होती, घसा खाजला नाही.

निघताना अंकल गाडीपर्यंत आले. मी सहसा अनोळखी माणसांना काही विचारत नाही. पण विचारलं, पुढे जमीन आहे की नाही हे माहीत नसताना ते निघायचे कसे?

"वाऱ्याच्या उलट जायचे," ते म्हणाले. "बेट नाही सापडलं, तर तोच वारा घरी आणून सोडायचा. परत येणाऱ्याला कोणी हसत नसे. तो समुद्र बघून आलेला असायचा."

परतीच्या विमानात मला खरंच झोप लागली.

सांता क्लाराला पोचल्यावर आईने वरणभाताचा कुकर लावला. पानं घेतली, कुकर उघडला, आणि ती म्हणाली, "मग पुण्याच्या तिकिटाचं..." तिथेच थांबली. कुकरवर झाकण ठेवून समोर बसली.

"बोल. मग जेवू."

भात निवत होता. तिला घाई नव्हती.

"दोन काढू," मी म्हणाले.

आईने झाकण काढलं आणि आधी मला वाढलं.